फेस रेकग्निशन लावायचं तर कुठल्या दारावर?

एका दुकानमालकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशात दोन मजली सुपरमार्केट, खाली किराणा, वर कपडे-भांडी, सोळा कॅमेरे आधीपासून लागलेले, स्टाफ पंचेचाळीसच्या आसपास, शिवाय कळंगुटला एक छोटं हॉटेल. इन्स्टॉलरने साडेचार लाखांचं कोटेशन दिलंय की आहे त्याच कॅमेऱ्यांवर फेस रेकग्निशन चढवून देतो, जुना चोर आत शिरला की मोबाइलवर अलर्ट, स्टाफची हजेरी त्यातच, आणि मोठं गिऱ्हाईक आलं तर तेही कळेल. घ्यावं का?

मी गोव्यात कॅमेरे आणि ॲक्सेस कंट्रोलचंच, म्हणजे कुठलं दार कोणाला उघडायचं त्या यंत्रणांचंच काम करतो, पेडण्यापासून काणकोणापर्यंत, त्यामुळे असली कोटेशनं बरीच बघून झालीत. उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथेच थांबू शकतील: स्टाफच्या दारावर आणि हजेरीला घ्या, गिऱ्हाइकांतला चोर ओळखायला घेऊ नका, आणि आहे त्या सोळा कॅमेऱ्यांवर तर चढवूच नका. आता कारणं, ती जरा लांबतील.

आधी हे चालतं कसं ते बघू, कारण विकणारा हा भाग नेहमी दोन वाक्यांत उरकतो. कॅमेऱ्याच्या चित्रात सॉफ्टवेअर चेहरा शोधतं, तो सरळ करून घेतं आणि त्याची आकड्यांची एक लांब यादी बनवतं, बऱ्याच सिस्टीममध्ये ५१२ आकडे असतात. तुमच्या नोंदवलेल्या माणसांच्या अशाच याद्या आत ठेवलेल्या असतात. दोन याद्या एकमेकींच्या किती जवळ आहेत त्याचे मार्क निघतात, बस्स, एवढंच. मशीन ‘हा तोच’ असं कधी सांगत नाही, ‘हा त्याच्यासारखा दिसतोय, एवढे मार्क पडलेत’ एवढंच सांगतं, आणि किती मार्कांना पास धरायचं हे कोणीतरी माणसाने सेटिंगमध्ये टाकलेलं असतं, बहुतेक वेळा कंपनीतून आलं तसंच. त्यातही स्क्रीनवर ८० टक्के दिसलं म्हणजे ८० टक्के खात्री असं अजिबात नाही, तो फक्त त्या कंपनीचा स्वतःचा स्कोअर आहे. २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकाराच्या उत्तरात सांगितलं होतं की ८० टक्क्यांच्या वरची जुळणी ते पॉझिटिव्ह धरतात, तेव्हा या आकड्यावर बराच गदारोळ झाला होता, आणि तो रास्त होता, कारण एका कंपनीचे ८० आणि दुसरीचे ८० यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट, हे दोन वेगळे धंदे आहेत आणि कोटेशनमध्ये ते एकाच ओळीत लिहिलेले असतात. एक म्हणजे माणूस स्वतः येऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो मी अमुक, मशीन त्या एकाच नोंदीशी ताडून बघतं. मोबाइल उघडणं हे असंच. विमानतळावर डिसेंबर २०२२ पासून डिजीयात्रा सुरू झालंय, तिथेपण तुम्ही आधी स्वतःच फोटो दिलेला असतो, गेटवर थांबून कॅमेऱ्याकडे बघता, टोपी-गॉगल काढता. माणसाला ओळखलं जायचंच असतं. दुसरा धंदा म्हणजे चालत्या गर्दीतून, कोणी कॅमेऱ्याकडे बघत नसताना, प्रत्येक चेहरा यादीतल्या सगळ्यांशी ताडायचा. पहिल्यातलं यश दाखवून दुसरं विकतात, इथेच गंमत होते. डेमोला इन्स्टॉलरचा पोरगा कॅमेऱ्यासमोरून सरळ चालत येतो, स्क्रीनवर नाव झळकतं, मालक खूश.

आता तुमच्या दुकानाचा हिशोब करून बघा. समजा दिवसाला १५०० माणसं आत येतात आणि तुमच्या ‘चोरांच्या यादीत’ ५० फोटो आहेत. म्हणजे रोज ७५,००० वेळा ताडणं झालं. मार्कांची रेषा अशी ठेवली की दर १०,००० ताडण्यांत एक खोटी जुळणी होईल, तर रोज सात-आठ निरपराध गिऱ्हाइकांवर अलर्ट वाजणार. महिन्याला दोनशेच्या वर. त्यात खरा चोर महिन्यातून एकदा आला तर आला, मग तो अलर्ट त्या दोनशेत ओळखायचा कसा? ठीक आहे, रेषा वर नेऊ, दहा लाखांत एक. मग महिन्याला दोन-तीनच खोटे अलर्ट, ऐकायला बरं वाटतं, पण रेषा वर गेली की खरा चोरपण सुटायला लागतो, टोपी घालून, मोबाइलमध्ये मान खाली घालून आलेला माणूस त्या मार्कांपर्यंत पोचतच नाही. दोन्ही एकदम मिळत नाही, कुठल्याच कंपनीचं नाही, आणि जो विक्रेता ९९ टक्के ॲक्युरसी असं मोघम सांगतो त्याला एकच प्रश्न विचारा की खोट्या जुळणीचा दर किती धरून ९९, आणि किती जणांच्या यादीवर. गप्प बसेल किंवा ऑफिसला विचारून सांगतो म्हणेल.

वर आणखी एक भानगड आहे. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये १८९ अल्गोरिदम, म्हणजे चेहरे ताडायच्या सॉफ्टवेअरमधल्या पद्धती, तपासले, त्यात बऱ्याच अल्गोरिदमची खोटी जुळणी आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांवर गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा १० ते १०० पट जास्त निघाली, बायकांवर पुरुषांपेक्षा जास्त. सगळेच तसे नव्हते, काही चांगलेही निघाले, पण तुमच्या डब्यात कुठला अल्गोरिदम आहे आणि तो कुठल्या चेहऱ्यांवर शिकलाय हे बॉक्सवर लिहिलेलं नसतं. म्हणून आपल्याच माणसांवर ट्रायल घ्यायची, ती कशी ते खाली सांगतो.

खोट्या अलर्टने काय होतं ते अमेरिकेतल्या राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने जगाला दाखवलंय. २०१२ ते २०२० या काळात त्यांनी बऱ्याच दुकानांत हेच लावलं होतं, जुन्या चोरांचे फोटो टाकून, आणि ते फोटो कुठले तर सीसीटीव्हीतले धूसर, कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवरचे. हजारो खोटे अलर्ट गेले, दुकानातली माणसं गिऱ्हाइकांच्या मागे मागे फिरली, लोकांना बाहेर काढलं, एका अकरा वर्षांच्या मुलीची झडती घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्यावर पाच वर्षं फेस रेकग्निशन वापरायला बंदी घातली. मोठी कंपनी, वकील, पैसा सगळं असून ही गत.

आणि आपल्याकडे? किनारपट्टीच्या एका हॉटेलात हे लावलेलं, नाव सांगत नाही. बिल न भरता गेलेल्या एका बाईचा फोटो यादीत टाकला होता, तोही लॉबीच्या डोम कॅमेऱ्यातून, वरून घेतलेला, निम्मं कपाळच. सीझनमध्ये रात्री अकराला एक कुटुंब चेक-इनला आलं, रिसेप्शनवरच्या पोराच्या मोबाइलवर अलर्ट वाजला. आता तो काय करणार, त्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. चावी हातात धरून आत गेला, मॅनेजरला फोन, मॅनेजर झोपलेला, तोपर्यंत त्या बाई दोन पेंगुळलेल्या मुलांना घेऊन काउंटरवर उभ्या, आणि वॉचमनला काय वाटलं कोण जाणे तो दारात आडवा उभा राहिला. बाई पहिल्यांदाच गोव्यात आलेल्या. शेवटी एका रात्रीचे पैसे माफ, वर इंटरनेटवर रिव्ह्यू पडला तो वेगळाच. मशीनने आपलं काम केलं होतं हो, ‘सारखी दिसतेय’ एवढंच म्हटलं होतं. पुढचं कोणी ठरवलंच नव्हतं.

म्हणून मी मालकाला सगळ्यात आधी हेच विचारतो: अलर्ट आला की कोण काय करणार? नाव सांगा, शिफ्ट सांगा. काउंटरवरचा पोरगा गिऱ्हाइकाला अडवणार? त्याला तो अधिकार नाही आणि दहा-पंधरा हजारांच्या पगारात त्याने ती जोखीम का घ्यावी. पोलिसांना फोन? सांगणार काय, की मशीन म्हणतंय हा सारखा दिसतो? या प्रश्नाचं धड उत्तर मिळत नसेल तर तिथे फेस रेकग्निशन घेऊन काही उपयोग नाही, साडेचार लाखांचं असो की फुकट असो. उत्तर मिळतं ते फक्त एकाच ठिकाणी, दारावर, जिथे अलर्टचा अर्थ साधा असतो: नोंद आहे तर दार उघडतं, नाही तर बेल वाजवा आणि माणसाशी बोला.

आता कॅमेऱ्यांकडे येऊ, कारण ‘आहे त्याच कॅमेऱ्यांवर’ हे कोटेशनमधलं सगळ्यात खोटं वाक्य आहे. तुमचे सोळा कॅमेरे बहुतेक ४ मेगापिक्सेल, २.८ एमएमची लेन्स, छताला लागलेले असणार, सगळीकडे तसेच असतात कारण एका कॅमेऱ्यात जास्तीत जास्त जागा दिसली की मालकाला बरं वाटतं. या लेन्सला साधारण १०० अंशांचा आवाका असतो. पाच मीटरवर ती जवळजवळ बारा मीटर रुंदीचं दृश्य घेते, चित्राची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे मीटरला साधारण २१५ पिक्सेल. माणसाचा चेहरा पंधरा-सोळा सेंटीमीटर रुंद, त्याच्या वाट्याला आले चौतीस-पस्तीस पिक्सेल. आंतरराष्ट्रीय सीसीटीव्ही मानकात अनोळखी माणूस डोळ्यांनी ओळखता यावा म्हणून मीटरला २५० पिक्सेल धरतात, आणि मशीनला तर चेहऱ्यावर किमान ८०-१०० पिक्सेल मिळाले तर ते धड काम करतं, म्हणजे मीटरला पाच-सहाशे. तुमच्या कॅमेऱ्यात त्याच्या निम्मेपण नाहीत. सॉफ्टवेअर कितीही भारी घाला, जो चेहरा चित्रातच नाही तो कुठून आणणार.

उलट साधा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या, लेन्स लांब पल्ल्याची, फक्त दोन मीटर रुंद दारावर रोखलेली. १९२० भागिले दोन, मीटरला ९६० पिक्सेल, चेहऱ्यावर दीडशे. स्वस्त कॅमेरा महागड्याला मागे टाकतो. म्हणून व्हेरिफोकल, म्हणजे पल्ला कमी-जास्त करता येणाऱ्या लेन्सवाला घ्या आणि जागेवर उभं राहून ती जुळवून घ्या.

उंची हा दुसरा घोटाळा. चेहऱ्यावर कॅमेरा वरून फार तर पंधरा अंशांनी बघत असावा. कॅमेरा २.४ मीटरवर असेल आणि चेहरा १.६ वर, तर माणूस तीन मीटर लांब असताना तो कोन बरोबर बसतो. तोच कॅमेरा साडेतीन मीटरवर, दुकानाच्या बोर्डाच्या वर लावला तर सात मीटर लांबचा माणूस पकडावा लागेल, म्हणजे तुमच्या दुकानासमोरच्या रस्त्यावरचा. आपल्याकडे सगळे वरच लावतात कारण खाली लावला तर कोणी वळवून ठेवेल, कपडा टाकेल. मग दोन कॅमेरे लावा, एक वर नजर ठेवायला, एक खाली चेहऱ्याला.

आणि उजेड! म्हापसा मार्केटच्या बाजूची दुकानं बघा, दार रस्त्याकडे, आत ट्यूबलाइट, बाहेर एप्रिलचं ऊन. आत येणारा माणूस कॅमेऱ्याला काळी सावली दिसतो. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये तर संध्याकाळी पाच-साडेपाचला सूर्य सरळ लेन्समध्ये शिरतो आणि गर्दीची वेळ नेमकी तीच. डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकदम सांभाळून घेणारा, १२० डीबीचा कॅमेरा घेतला तर फरक पडतो, पण खरा फरक दाराच्या आत, चेहऱ्याच्या उंचीला समोरून पडणारा एक पसरट एलईडी लावला की पडतो, आणि त्याला हजार-दीड हजार खर्च येतो. शटर १/१०० सेकंदावर ठेवा, त्याहून हळू ठेवलं तर चालता माणूस पुसट येतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे १/१०० ला ट्यूबलाइटच्या पट्ट्यापण येत नाहीत.

मग पाऊस. जून ते सप्टेंबर माणूस दुकानात शिरतो तो रेनकोटची टोपी ओढून, हेल्मेट अजून डोक्यावर, छत्री मिटवत खाली बघत. चार महिने तुमची यादी जवळजवळ आंधळी. सीझनमध्ये टुरिस्ट टोपी आणि गॉगलमध्ये. शिगमोला गुलाल, कार्निव्हलला मुखवटे. हसू नका, शिगम्याच्या मिरवणुकीच्या रात्री एका क्लायंटची सिस्टीम स्टाफमधल्या कोणालाच ओळखत नव्हती आणि वॉचमनने मागचं दारच उघडं टाकलं होतं. खाऱ्या हवेने स्क्रू आणि ब्रॅकेट दोन पावसाळ्यांत गंजतात, डोमच्या आत बुरशी धरते, काच धुरकट झाली की मार्क आपोआप खाली येतात आणि मालक म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलं. किनाऱ्यापासून जवळ असाल तर ३१६ ग्रेडच्या स्टीलचे स्क्रू मागा आणि महिन्यातून एकदा काच पुसायचं एएमसीमध्ये, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात लिहून घ्या. विजांसाठी पीओई लाइनला, म्हणजे कॅमेऱ्याला वीज आणि डेटा एकत्र नेणाऱ्या केबलला, सर्ज प्रोटेक्टर हवाच. अर्थिंग खरंच झालंय का ते मीटर लावून बघा, जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं.

एवढं सगळं वाईट सांगितलं, आता जिथे मी स्वतः आनंदाने लावतो ते सांगतो.

डिचोली-सत्तरीच्या बाजूला, तशीच पलीकडे दोडामार्गात काजूच्या फॅक्टऱ्या आहेत. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलातलं तेल लागतं, ते इतकं जहाल असतं की कातडी सोलते, बोटांचे ठसे पुसट होतात. तिथे बोटाच्या मशीनवर हजेरी म्हणजे रोजचा छळ. बाई मशीनवर बोट घासतेय, परत पुसतेय, मागे पंधरा जणींची रांग, शेवटी सुपरवायझर वहीत लिहितो, आणि महिनाअखेरीला वहीतला आणि मशीनमधला हिशोब जुळत नाही, कापला जातो तो त्या बाईचाच दिवस. अशा ठिकाणी चेहऱ्याचं टर्मिनल लावलं की दोन सेकंदांत काम होतं, कोणाचा रोज बुडत नाही. पंधरा हजारांच्या आसपासचं मशीनसुद्धा हे नीट करतं, लाखांची गरज नाही.

वेर्ण्याला फार्मा कंपन्यांत वेगळी अडचण असते. आत गेलं की टोपी, मास्क, गाउन, नुसते डोळे दिसतात. तिथे टर्मिनल चेंज रूमच्या अलीकडे लावायचं, पलीकडे नाही, हे सांगायला एवढं सोपं पण ड्रॉइंगवर कोणाच्या लक्षात येत नाही, मग माणूस दर वेळी मास्क खाली ओढतो आणि क्वालिटीवाले ओरडतात.

तुमच्या हॉटेलात स्टाफ एंट्री, लिनन रूम, कॅश रूम, दारूचं स्टोअर एवढ्या दारांना लावा. दुकानात मागचं गोडाऊनचं दार आणि कॅश रूम. दुकानातून माल बराचसा मागच्या दाराने जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. चेहऱ्याबरोबर कार्ड किंवा पिनपण ठेवा कॅश रूमला, आणि टर्मिनल घेताना लाइव्हनेस, म्हणजे समोर जिवंत माणूस आहे की नुसता फोटो हे ओळखायची सोय, आहे का ते स्वतः तपासा: स्टाफमधल्या एकाचा फोटो मोबाइलवर मोठा करून धरा, दुसरा कागदावर छापून धरा, मग व्हिडिओ चालवून धरा. दार उघडलं तर मशीन परत. इन्फ्रारेडचा दुसरा कॅमेरा असलेली मशीनं साधारण या परीक्षेत टिकतात, नुसता वेबकॅमसारखा एकच कॅमेरा असेल तर शंका घ्या.

नोंद करताना आधार कार्डावरचा फोटो स्कॅन करून टाकू नका, व्हॉट्सॲपचा डीपीपण नको. माणसाला त्याच मशीनसमोर, त्याच उजेडात उभा करा, समोरून एक, थोडं डावीकडे-उजवीकडे एकेक. दाढी वाढवली-काढली, चष्मा बदलला की परत. आणि सकाळी रांगेत एखाद्याला मशीन घेतच नसेल तर त्याला चारचौघांत पाच वेळा उभं करू नका, कार्ड द्या आणि सोडा.

कायद्याचा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो पण यात पैसे जाऊ शकतात. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिने दिलेत, म्हणजे मे २०२७. तोवर २०११ चे आयटी कायद्याखालचे नियम आहेतच आणि त्यात चेहऱ्याचा नमुना बायोमेट्रिक म्हणून संवेदनशील माहितीत धरलाय, लेखी संमती लागते. नव्या कायद्यात नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची सोय आहे, तरी मी म्हणतो लेखी घ्या, ज्याला नको असेल त्याला कार्डाचा पर्याय ठेवा, भांडण तिथेच मिटतं. नव्या कायद्यात संमती मागण्याची नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, आणि कोकणी, मराठी, कन्नड, ओडिया सगळ्या त्यात येतात. तुमचे हाउसकीपिंगवाले कर्नाटकातले किंवा ओडिशातले असतील तर इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊन काही साध्य होत नाही.

गिऱ्हाइकांच्या बाबतीत इन्स्टॉलर तुम्हाला सांगेल की गुन्हा रोखण्यासाठी कायद्यात सूट आहे, संमती लागत नाही. सूट आहे खरी, कलम १७ मध्ये. पण त्याच कलमात लिहिलंय की माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी सूट मिळाली तरी सुटत नाही, आणि दंडाची सगळ्यात मोठी रक्कम, २५० कोटींपर्यंत, नेमकी त्याच जबाबदारीवर आहे. म्हणजे यादी करताना सूट, यादी फुटली की तुम्ही. शिवाय ही सूट जिथे लागू नाही तिथे अठरा वर्षांखालच्यांचा माग ठेवायला वेगळी मनाई आहे, आणि सुपरमार्केटमध्ये काय फक्त मोठीच माणसं येतात? ‘मोठं गिऱ्हाईक आलं की कळेल’ या प्रकाराला तर गुन्ह्याची सूटपण लागू नाही, तिथे त्या गिऱ्हाइकाने स्वतः हो म्हटलेलं हवं. आणि खरं सांगू, मोठं गिऱ्हाईक ओळखायला काउंटरवरच्या जुन्या बाईंना मशीन लागत नाही.

एक सेटिंग आजच जाऊन बघा. बऱ्याच एनव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, अनोळखी चेहरे साठवायचा पर्याय असतो आणि तो चालू ठेवूनच देतात, मालकाला पत्ताच नसतो की दुकानात शिरलेल्या प्रत्येकाचा कापलेला चेहरा आत पडून आहे. तो बंद करा. नोकरी सोडली की त्या माणसाची नोंद त्याच आठवड्यात काढा, नुसती डिसेबल नाही, डिलीट. डिफॉल्ट पासवर्ड, राउटरवर उघडं पोर्ट, इन्स्टॉलरच्या चार पोरांना माहीत असलेलं ॲडमिन खातं, हे तर चेहरा असो-नसो बंदच करायचं. मार्च २०२१ मध्ये व्हेर्काडा या कॅमेरा कंपनीचं एक ॲडमिन खातं हॅकरच्या हाती लागलं आणि दीड लाखाच्या आसपास कॅमेरे उघडे पडले, हॉस्पिटलं, तुरुंग, शाळा, सगळं. नवीन कॅमेरे घेताना एसटीक्यूसी या केंद्र सरकारच्या तपासणी संस्थेच्या सुरक्षा चाचणीचा कागद मागा, ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला ते सक्तीचं झालंय, गोडाऊनमधला जुना माल खपवणारे अजून भेटतात.

आणि चोरी झालीच तर? पोलिसांत आणि कोर्टात उपयोगी पडतं ते फुटेज, मशीनने दाखवलेलं नाव नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, लिहावी लागते आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही. एनव्हीआरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असेल तर बचावाचा वकील तिथूनच सुरुवात करतो. तेव्हा घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं करून घ्या, महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील एवढी डिस्क घ्या. एक कॅमेरा ४ एमबीपीएसवर रोज ४३ जीबी खातो, सोळा कॅमेऱ्यांना तीस दिवसांचे साधारण २१ टीबी होतात, एच.२६५ हे व्हिडिओ दाबून साठवायचं तंत्र लावून बरेच कमी करता येतात. तुमची आत्ताची डिस्क किती दिवस टिकते ते मागे जाऊन बघा, मला वाटतं आठ-दहा दिवसांच्या पुढे फुटेज नसेलच.

मग साडेचार लाखांचं काय करायचं? मी असतो तर आधी दुकानाच्या दोन्ही दारांना आणि हॉटेलच्या लॉबीला चेहऱ्याच्या उंचीचे कॅमेरे आणि समोरचा उजेड केला असता, मग डिस्क, मग कॅश काउंटरवर वरून एकेक, मग वर सांगितलेल्या स्टाफच्या दारांना टर्मिनलं. यात अर्ध्याच्या आसपास खर्च होईल. महागड्या मालाच्या रॅकपाशी, म्हणजे दारू, परफ्युम, बेबी फूड, तिथे एक माणूस उभा करा, त्याने जेवढी चोरी थांबते तेवढी कशानेच थांबत नाही.

तरीही इन्स्टॉलर म्हणाला की आमचं वेगळं आहे, तर ट्रायल मागा, फुकट, पंधरा दिवस, तुमच्याच दारावर. स्टाफमधल्या वीस जणांची नोंद करा. मग त्यांना सकाळी दहा, दुपारी, संध्याकाळी ऊन तिरपं आल्यावर आणि रात्री आठला चालत आत यायला सांगा, एकदा टोपी घालून, एकदा मोबाइल बघत, एकदा दोघं बरोबर. किती वेळा ओळखलं ते कागदावर लिहा. त्यानंतर त्या वीस जणांचे सख्खे भाऊ, बहिणी, बाप-लेक जेवढे मिळतील तेवढे आणा, ज्यांची नोंद नाही असे, आणि त्यांना चालवा, मशीन किती जणांना भलत्याच नावाने हाक मारतं तेही लिहा. आपल्याकडे एकाच वाड्यावरची चार माणसं एका दुकानात कामाला असतात, मशीनला खरा घाम तिथे फुटतो. एक दिवस शुक्रवारचा घ्या, बाजाराच्या गर्दीचा, आणि जमलं तर भर पावसातला. हा कागद कोटेशनला जोडून त्यावर विक्रेत्याची सही घ्या, मगच ॲडव्हान्सचं बोला.